मालकाच्या स्कूटरचा आवाज

दादा,

वकीलकाकूंबरोबर पोलीस चौकीत चाललेय. मागे धावत येऊ नकोस. तुझे हेडफोन नेतेय, तिथे फार गोंगाट असतो.

तू कामाला आहेस त्या औषधाच्या दुकानात चोरी झाली आणि किल्ली तुझ्याकडे, म्हणून चोर तूच, असं पोलिसांचं म्हणणं. त्या दुपारी तू तुझ्या फोटोग्राफर मित्राच्या मिठीत होतास, हे मी पोलिसांना सांगणार नाही. शब्द दिलाय. गरजही नाही. मालक म्हणतो, तो परगावी होता. पण मी गॅलरीतून रोज रस्त्याचे आवाज रेकॉर्ड करते ना, त्या दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचीच स्कूटर खोकतेय आणि समोर दुकानाचं शटर वर जातंय. मागच्या वेळी हवालदार म्हणाला, "हिला काय कळतंय!" मी ऑटिस्टिक आहे, बहिरी नाही.

आईला मात्र तूच सांग. तिने तीनदा विचारलं, "दादा होता कुठे?" तिन्ही वेळा मी पाणी प्यायला उठले. चौथ्यांदा तहान लागणार नाही.