काजळीचं सातवं गाणं

६ ऑक्टोबर, सेंदाई

सारंगचा फोन! टोकियोला बदली होऊन दोन वर्षं झाली त्याला, पण फोन फक्त दिवाळीला. आज एकदम — "सुलेखा, काजळी परत निघतोय."

मला आधी कळेचना. काजळी म्हणजे आमचा बँड, आणि त्याचा एकुलता एक अल्बमही. पुण्यात एम.एस्सी.ला असताना केलेला. सारंगच्या ऑफिसातल्या हिरानोसानचा भाऊ छोटी रेकॉर्ड कंपनी चालवतो. त्याने सारंगकडची सीडी ऐकली आणि म्हणे दोन दिवस दुसरं काही ऐकलंच नाही. गॉथिक रॉक — आणि त्यात संबळ! त्याला तो इथे नव्याने काढायचाय.

लॅबमध्ये दिवसभर काही सुधरलं नाही.

७ ऑक्टोबर

बसमध्ये ऐकला. पहिल्याच गाण्यात पायपेटी सुरू झाली आणि माझा स्टॉप गेला. कॅम्पातल्या एका चर्चमधून मागून आणलेली ती. भाता फाटका. सूर लागायच्या आधी म्हाताऱ्याला धाप लागावी तसा आवाज. सारंग म्हणाला होता, "हा काढायचा नाही, हेच तर पाहिजे." मग गिटार, मग आमच्या निहारचं संबळ. जलतरंगासाठी आईच्या चिनी मातीच्या वाट्या पळवलेल्या. पाहुणे आले तेव्हा आई गॅरेजच्या दारात — "आता बासुंदी काय ओंजळीत वाढू?" रेकॉर्डिंग चालू होतं. नीट ऐकलं तर तिसऱ्या गाण्यात आई आहे!

काळे कुर्ते, डोळ्यांत काजळ. निहारच्यासुद्धा.

माझा दिलरुबा कसला रडायचा तेव्हा. आणि या सगळ्याच्या वर स्वप्नाचा आवाज. उंच जायचा आणि तिथेच राहायचा. खाली यायची घाई नाही.

१२ ऑक्टोबर

सारंगला तेव्हा अर्धवट राहिलेलं सातवं गाणंही घालायचंय. त्याची वाद्यं तेव्हाच रेकॉर्ड झाली होती. स्वप्नाचा आवाज घ्यायच्या आधी मला इथे पीएच.डी.ची जागा मिळाली आणि सगळे पांगलो.

"स्वप्नाला विचार ना. तुझ्याशी बोलते ती."

बोलते कुठे? मेसेज करते. तीन वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली, त्यात आवाजाची नस गेली. शाळेत गाणं शिकवायची, आता तिथल्याच लायब्ररीत बसते. रिक्षावाल्याला पत्तासुद्धा मोबाइलवर दाखवते.

सारंगला यातलं काहीच माहीत नव्हतं. आज सांगितलं.

१९ ऑक्टोबर

भांडले. सारंग म्हणतो, "इथली एक मुलगी आहे, मस्त गाते. शब्द कटाकाना लिपीत लिहून देऊ."

"स्वप्नाच्या गाण्यावर दुसरीचा आवाज?"

"प्रॅक्टिकल हो जरा. गाणं तसंच पडून राहू द्यायचं का?"

फोन ठेवला. ईश्वरीने डोकं वर न काढता विचारलं, "आई, केन्का?" हो बाई, भांडणच. चौदाव्या वर्षी सगळं कळतं, उत्तर मात्र जपानीत.

२ नोव्हेंबर

स्वप्नाचा फोन. मेसेज नाही — फोन! सारंगनेच तिला कळवलं होतं सगळं. आधी नुसती हवा आली. मग कागद चुरगळावा तसा आवाज.

"दुसरी शोधताय म्हणे."

मी काहीतरी सारवासारव करायला लागले.

"थांब गं. फार वेळ बोलवत नाही मला. मधे बोलू नकोस."

थांबले.

"भुताखेतांची गाणी करत होतो आपण. बाविशीत! काय कळत होतं? आता कुठे त्या गाण्यांना शोभेल असा आवाज झालाय." दम खाल्ला. "मीच गाणार. व्हिसाचं काय ते सांग."

२३ नोव्हेंबर

आली. बारीक झालीय. बॅगेत निम्मी भाजणी. सारंग शिंकान्सेन ट्रेनने आला, पण तिच्याकडे बघेचना. तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला — "जिवंत आहे रे मी!" तेव्हा कुठे हसला.

२४ नोव्हेंबर

सुट्टी. ओशिइरेतल्या गाद्या बाहेर काढल्या, दोन मागे लावल्या आणि त्या कपाटातच स्वप्नाला उभं केलं. बाहेरचा आवाज नको म्हणून. दोन ओळींत दम संपायचा. सारंग म्हणाला, "तुकड्यातुकड्यांनी घेऊ, मग जोडू." ती नाही म्हणाली. सलग गायली. जिथे आवाज तुटला तिथे तुटू दिला. मला राहवेना, मी गज ओढला — ती थांबली की दिलरुबा, दिलरुबा थांबला की ती. हे ठरलेलं नव्हतं.

सारंग हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसला होता. खांदे हलत होते.

ईश्वरी दारात. "कोवाई," म्हणाली. भीती वाटते. मग चक्क मराठीत — "पण बंद नको करू, मावशी."

२९ नोव्हेंबर

रात्री जेवताना जुना अल्बम लावला. तीन गाणी झाली. छान आहेत. गोड आहेत. चौथ्याला स्वप्नानेच बंद केला.

१ डिसेंबर

हिरानोसानच्या भावाला सारंगने नकार कळवला. जुना काढायचा नाही, नवा करायचा. निहारने पुण्यात संबळाला नवं कातडं चढवायला दिलंय.

स्वप्नाचं विमान दुपारी गेलं. ती गेली नाही. कपाटात उभी राहून दुसरं गाणं म्हणतेय.