तुझी लेक आणि वाढीचं प्रथिन

नेरूळ, डिसेंबर १९९६

प्रिय शालू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तू एकच विचारलं होतंस. तू आणि सुधीररावांनी अनाथाश्रमातून आणलेल्या मुलीचं उष्टावण आहे, तर तिला मांडीवर घेऊन खिरीचा पहिला घास भरवायला मामा म्हणून मी येणार का? आणि खाली बारीक अक्षरात, ‘आईचं मन मोडून मात्र येऊ नकोस, दादा.’ तुझा विषय निघाला की आई देवघराकडे तोंड करून बसते. ‘कुणाचं रक्त, कुणाचं बीज, कुलस्वामिनीपुढे काय सांगायचं?’ एवढंच म्हणते. त्यापायी पत्र लांबत गेलं.

बाकी इकडे सगळं छान आहे. सोसायटीत आता दोन्ही वेळा पाणी येतं. आईनं गॅलरीत लावलेला कढीलिंब छातीएवढा झालाय. सगळी बिल्डिंग पानं मागायला येते, आई कुरकुरत देते आणि कुणी दोन दिवस आलं नाही तर चौकशी करते.

आमच्या महाप्याच्या प्रयोगशाळेत मध्यंतरी एक गंमत झाली. स्टोअर माझ्याकडे आहे, तुला माहीत आहेच. भाजलेल्या माणसांसाठी कातडीच्या पेशी बशीत वाढवता येतात का, याचं काम आमच्याकडे चालतं. त्यासाठी परदेशातून बर्फात ठेवलेली एक कुपी आली. आत काहीच दिसत नव्हतं, काचेला नुसता धुरकट पापुद्रा. वर लिहिलेलं होतं, मानवी प्रथिन, पेशींच्या वाढीसाठी. मी ते वाचून दाखवलं मात्र, आमचा कोपरखैरणे गावातला शिपाई देवजी दोन पावलं मागे सरला. ‘मानसाचा हाय? मेलेल्या मानसाचा? मी नाय हात लावाचा!’ मी आत गेलो तेवढ्यात त्यानं कुठूनसं तुळशीचं पान आणून खोक्यावर ठेवलं, आपण मयताला ठेवतो तसं. हसू आलं, पण एकादशी होती आणि खोकं उचलताना माझाही हात जरा आखडला होता.

हे काम बघणाऱ्या नंदिनी मॅडमनी ते पान अलगद उचलून माझ्या हातात दिलं. ‘देवजीकाका, टेन्शन घेऊ नका, यात कुणी मेलेलं नाही. हे प्रथिन कसं बनवायचं याची माणसाच्या शरीरातली कृती घेतली आणि एका जिवाणूत घातली. जिवाणूनं त्याबरहुकूम बनवलं.’ देवजी थोडाच गप्प बसतोय! ‘मंग ह्यो जिवानूचा का मानसाचा?’ मॅडम म्हणाल्या, ‘जन्मलं जिवाणूत, पण माणसाचंच.’ ‘आन त्या पेशींना चालंल ह्यो?’ ‘त्यांनाच विचारू या.’

तीन-चार दिवसांनी मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून दोन बशा दाखवल्या. एकीत प्रथिन घातलं नव्हतं. तिथल्या पेशी आक्रसून, एकेकट्या, कडेकडेला बसलेल्या. दुसरीत त्यांनी अंग पसरलं होतं, एकमेकींना टेकल्या होत्या, मधली रिकामी जागा भरत आली होती. मी विचारलं, किती घातलं? मॅडम म्हणाल्या, मुंगीच्या पायाला चिकटेल इतकंही नाही.

घरी येईपर्यंत मी त्याच बशीत होतो. आपण सगळे म्हणतोय की ती पोर तुझ्या घरात वाढेल. पण तुझी गेली तीन पत्रं मी पुन्हा काढून वाचली. सुधीरराव संध्याकाळी लवकर घरी येतात, तू गाण्याची पेटी पुन्हा काढलीस, शेजारच्या गोजराबाई, ज्यांच्याशी तुझं वर्षभर बोलणं नव्हतं, त्या तेल लावायला येतात. शालू, वाढताय तुम्ही. प्रथिन आणि लेकरू एक नव्हे, एवढं मलाही कळतं. पण देवानं मला जे दाखवलं, ते मी पाहिलं.

आईला हे सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, ‘तुझ्या बाटलीतलं मला सांगू नकोस.’ थोड्या वेळानं तिनंच विचारलं, ‘जावळ दाट आहे का तिला?’ मग, ‘रात्री झोपते का?’ मग, ‘शालनला म्हणावं, खिरीत वेलची घालू नकोस, पोट दुखेल.’

म्हणून हे पत्र. मी रजा टाकली आहे. आईनं नाही म्हटलं असतं तरी आलोच असतो, हे तिलाही सांगून टाकलं. त्यावर ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘एकटा जाऊन तुला काय कळणार आहे? मीही येते. पोरीचं नाक कुणावर गेलंय, ते बघायचंय मला.’ दोन तिकिटं काढली आहेत.

तुझाच आणि आता तिचाही,
दादा