बोकोबाच्या सुया

४ मार्च, सोमवार

बोकोबाने आज पाण्याचं भांडं चाटून रिकामं केलं. तिसऱ्यांदा! आणि आईच्या पलंगाखाली शू. पुसायला वाकले, चादर नाकाशी आली — अजून आईचाच वास. दीड महिना झाला तिला जाऊन. चादर धुवायला टाकली नाही.

इंजेक्शन मात्र वेळच्या वेळी देते. सकाळी सात, संध्याकाळी सात, दोन युनिट, मानेमागची कातडी चिमटीत धरून. आईनेच शिकवलं. तिलाही डायबेटिस, बोक्यालाही! "आम्ही दोघं एकाच माळेचे मणी," म्हणायची.

शेवटच्या दोन दिवसांत तिच्या सुया सापडेनात, तेव्हा बोकोबाच्या डब्यातल्या वापरल्या. सुई ती सुई. नंतर कपाट आवरताना तिचा आख्खा डबा निघाला, शालींच्या मागे. वाया कशाला घालवायच्या? आता बोकोबा तिच्या वापरतो. फिटंफाट!

६ मार्च

दुपारी आईच्या खोलीतून हाक आली. आधी बोका उठला, मग मी. खोलीत नुसता रिकामा पलंग.

७ मार्च

ती शेवटची सकाळ काही पाठ सोडत नाही.

आईचा गळा घामाने भिजलेला. हात थरथरत होते, जीभ जड. "काहीतरी गोड दे गं." मी फटकारलं — "डायबेटिसवाल्यांनी गोड मागायचं नसतं! आधी इंजेक्शन." आणि टोचलं. ती गप्प पडून राहिली. दुपारी उठवायला गेले तर उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं.

एक घास गोड दिलं असतं तर काय बिघडणार होतं? मेली शिस्त माझी! आज चहात साखर घालताना चमचा तसाच हातात राहिला.

९ मार्च

बोकोबाचे मागचे पाय गळलेत. टाचा टेकवत फरफटत चालतो. खातो राक्षसासारखा आणि अंगात नुसती हाडं.

दादा फोनवर म्हणाला, "म्हातारा झालाय तो. जाऊ दे आता." कसं जाऊ देऊ? "माझ्यामागे याच्याकडे बघ," एवढं एकच मागितलं होतं आईने.

एकच नाही. दोन गोष्टी मागितल्या होत्या.

११ मार्च

बोकोबाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कानाला टोचून थेंब काढला. साखर इतकी वर, की मशीनने आकडाच दाखवला नाही.

"इंजेक्शन चुकवत नाही ना, ताई?"

मी भडकलेच. "घड्याळ लावून देते!"

"सुई बघू."

पर्समधून काढून दिली. नारिंगी टोपण बघून त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, या कडक औषधाच्या सुया. माणसांना देतात ते. याचं औषध सौम्य, त्याला लाल टोपणाची लागते. सुईच्या नळीवरचे आकडे सारखे दिसतात, पण माप वेगळं. याला निम्म्याहून कमी डोस जात होता!"

"म्हणजे वाचेल?"

"वाचेल की. चूक या बाजूने झाली हे नशीब समजा. कडक औषध लाल टोपणाच्या सुईतून गेलं असतं, तर अडीचपट डोस! घाम फुटतो, थरथर सुटते, मग गुंगी. तेव्हा कुणी नुसती साखर चाटवली तरी जीव वाचतो."

त्या बोलतच होत्या. मला पिंजऱ्याची कडी लागेना. शेवटी त्यांनीच लावून दिली.

२० मार्च

बोकोबा आज उडी मारून आईच्या पलंगावर चढला. दिवसाला एकच भांडं पाणी.

आईच्या त्या दोन दिवसांत तीन सुया. तिन्हींना लाल टोपण. तिन्ही मीच भरल्या.

संध्याकाळी दादाचा फोन. "तू जवळ होतीस म्हणून आई सुखाने गेली." मी हो म्हटलं.