बादशाची शाळा

टेंभुर्णी, १२ जानेवारी २०२५

चि. प्रांजलीस मामीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही खुशाल. पत्र आलं म्हणून हसू नको. फोनवर बोललं की तुझ्या मामांना ऐकू जातं, अन् हे मी त्यांच्या माघारी लिहून राह्यले. आपला कुत्रा बादशा, फाटकातून कुणी आलं की दोन्ही पाय थेट त्याच्या छातीवर टाकतो. परवा शेजारच्या प्रभावतीला ताकानं भरलेल्या गंजासकट आडवं केलं! पुढच्या महिन्यात आपली प्रिया पहिल्या बाळंतपणाला येणार. मामा म्हणतात, पोर जड अंगाची, ती यायच्या आत ह्याला टेम्पोत घालून वडीगोद्रीच्या रोडवर सोडतो. बाई गं, तिथं ट्रका कशा पळतात! मामांचं बी चुकीचं न्हाई, पण लेकरासारखं वाढवलेलं जनावर. मला घास गोड लागंना. तू जनावरांच्या दवाखान्यात असती, काहीतरी सांग. जल्दी लिही.

तुझी मामी,
साखराबाई

पुणे, १८ जानेवारी २०२५

ती. सौ. मामीस शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण बादशाला उड्या मारायला तूच शिकवलंस! दिवाळीत पाहिलं ना मी. तो पाहुण्याच्या अंगावर चढला की खाली उतरावा म्हणून तू भाकरीचा तुकडा टाकायचीस. त्याने बरोबर हिशोब लावला, उडी मारली की भाकरी. हुशार आहे गं लबाड!

आता उलटं कर. उडी मारली की पाठ फिरवून गप्प उभी राहा. ओरडायचं नाही, काठी तर नाहीच नाही. चारी पाय जमिनीला टेकले की लगेच तुकडा दे, लाड कर. सुरुवातीला तो जास्तच उड्या मारेल, तेव्हा माघार घेऊ नकोस. घरात सगळ्यांनी असंच वागायला हवं, मामांनीही. प्रियाताई येईल तेव्हा मात्र त्याला दोरीला धरून ठेवा.

आहे तो जीव माझ्यावर असाच राहू दे.

तुझी भाची,
प्रांजली

टेंभुर्णी, २० फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजलीस मामीचे लाख आशीर्वाद.

तू म्हणाली तसंच झालं. पहिल्यांदा बादशा असा चेकाळला की माझं लुगडं टर्रकन फाटलं. मामा हसून राह्यले, म्हणे कुत्र्याची शाळा काढली. मंग मी बी हट्टाला पेटले. प्रभावती तर सोन्यासारखी बाई, पदरात भाकरी बांधून रोज माझ्यासाठी फाटकातून आतबाहेर करायची. उड्या कमी झाल्या, पण मामांनी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलेलं, त्याची धास्ती जाईना.

अन् काल प्रिया आठ दिवस आधीच आली! माझे हात पिठात. मामांनी दोरी धरली, बादशानं असा हिसका दिला की मी तशीच पिठाच्या हातानं धावले. तर मामांनी काय करावं? दोरी आखडून, पाठ फिरवून गप उभे! बादशा झटकन खाली बसला. मामांनी कोपरीच्या खिशातून भाकरीचा तुकडा काढला अन् त्याला दिला. रोज सकाळी मळ्यात त्यांची बी शाळा चाललेली म्हणे, अन् टोपल्यातल्या भाकरी कमी होतात म्हणून मी उगंच मांजरीला शिव्या देत होते!

प्रांजली, एवढा संसार केला, पण ह्या माणसाचं मला कालच्यासारखं कौतुक कधी वाटलं न्हाई. टेम्पोचं विचारलं तर म्हणाले, सांगितलेला आहे तो राहू दे, बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणायला लागंल, अन् बादशाला बी आणायला संगं न्यायचं.

बारशाला ये, येताना माझ्यासाठी लुगडं आण.

तुझीच,
साखरामामी