चुकलेले घाव

११ फेब्रुवारी १९८६, ईडन प्रेरी

साफ चूक! प्रोफेसर हॅलरन आज पुन्हा म्हणाले — तुर्कस्तानातल्या त्या डोंगरावर हजारो वर्षांपूर्वी गाव नव्हतंच. शेळ्या घेऊन व्यापारी यायचे, ज्वालामुखीची काळी काच फोडून पाती करायचे आणि निघून जायचे. चार रात्रींचा मुक्काम! माझा अख्खा प्रबंध म्हणतो की तिथे संसार होते. मे महिन्यात डिफेन्स, सगळ्यांसमोर प्रबंधाची तोंडी परीक्षा. "पण प्रूफ कुठाय, सुनेत्रा?" नाहीये ना! तेच तर!

२ मार्च

नवरोजी राजीव म्हणाले, "यार, त्या शेळीवाल्यांपायी आपण रोज फ्रोझन पिझ्झा का खायचा?" खा मुकाट्याने.

१९ मार्च

सापडलं!!

उत्खननातून आलेल्या, टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेल्या खोक्यात काळ्या काचेचा एक दगड. एकाच जागी घाव, पुन्हा घाव, तिरके, उथळ — फुटतच नाही. बघताक्षणी सुमेधा आठवली. दिवाळीत नारळ फोडायला बसली होती, अगदी असंच! शेवटी मी नारळ घेतला, एक घाव घालून दाखवला, परत तिच्या हातात दिला. "आय कॅन डू इट, आई!" म्हणून माझ्यावरच डाफरली.

या दगडावरही मधेच दोन घाव आहेत — काय सफाई! पुढे पुन्हा धडपड. म्हणजे पोर शिकत होतं, कुणीतरी शिकवत होतं. खोक्यात असे आणखी कितीतरी दगड. चार रात्रींच्या मुक्कामात पोरांची शाळा कोण भरवतं?

९ मे

झाले! डॉक्टर झाले!

हॅलरन सगळ्यांसमोर म्हणाले, "आय वॉज राँग." कान तृप्त झाले. एकाने विचारलं, शिकवणारं कोण असेल? मी म्हटलं, बाप, दुसरं कोण! सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेजारच्या सरलाकाकूंनी श्रीखंड आणलं. सुमेधा राजीवला विचारते, "बाबा, नाऊ डू आय कॉल हर डॉक्टर आई?" हो, जरूर!

३० जुलै

तुर्कस्तानातून हॅलरनचा फोन. खरखर, पण आवाजात आनंद मावत नव्हता. कारागिराची कबर सापडली! कमरेशी हातोडीचा दगड आणि काळ्या काचेची एक कपची. "युअर फादर, सुनेत्रा!" कपची घेऊनच येतायत.

२६ ऑगस्ट

कपची माझ्या दगडावर चपखल बसली. त्या दोन सफाईदार घावांपैकी एकाचीच ती.

हाडं तपासून झाली. कबर बाईची आहे.

आणि मी, नारळ फोडून दाखवणारी, छातीठोकपणे 'बाप' सांगून आले!