वीराचा टाक

आई, आज घट बसायच्या आधी देवांचे टाक घासायला काढले आणि हात तिथंच थांबला, म्हणून हे लिहीत बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, कामं सोडून हे काय काढलंस. काढलंय खरं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता माझ्या सुना माझ्यावर वसकतात, पण तुझी भीती काही गेली नाही.

दादा लढाईवर गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बर्मातून तार आली, ती मास्तरांनी ओट्यावर उभं राहून वाचली. तू जात्यावर बसली होतीस, ती तशीच दळत राहिलीस. देह आलाच नाही, मग रडायचं तरी कशाजवळ? बिनलग्नाचा गेलेला मुलगा वीर म्हणून देवांत बसवायची आपली रीत. तू पायातले तोडे काढलेस आणि आबांना घेऊन रहिमतपूरला सोनाराकडं गेलीस. त्याच्याकडं वीराचा ठसा एकच, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. सगळ्यांची गेलेली पोरं त्याच ठशातनं निघायची. तू हटून बसलीस, माझ्या पोराच्या कपाळाला खोक होती, ती पाहिजे म्हणून. शेवटी त्यानं बारीक खिळ्यानं पत्र्यावर एक टिंब ठोकून दिलं. तेवढ्यानं तो आपला दादा झाला.

मग दोन बोटांएवढ्या त्या चांदीच्या पत्र्यानं आपलं घर खाल्लं. सकाळी त्याला आंघोळ, पहिली भाकरी त्याला, दिवसभर बोलणं त्याच्याशी. तू स्वतः काय खात होतीस देव जाणे. माझ्या डोक्यात उवा झाल्या, तू केसांना हात लावला नाहीस. ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या त्या आबांनी, बापाच्या त्या राकट हातांनी. मला राग यायचा, आई. लय राग यायचा. मेलेला सगळं घेऊन बसला होता आणि मी जिवंत असून तुला दिसत नव्हते.

पुढच्या नवरात्राला देव घासायला तू मला नदीवर धाडलंस. पाच टाक नेले, चार आणले. पाचवा परकराच्या नेफ्यात खोचला होता. तू विचारलंस तेव्हा म्हणाले, हातातनं निसटला, पाण्यात गेला. मार बसणार म्हणून आधीच दोन्ही हात डोक्यावर धरले. दोन दिवस तुला रडू द्यायचं, मग वाळूत सापडला म्हणून आणून द्यायचा, असा माझा बेत होता.

तू रडलीच नाहीस. नदीवर आलीस, गुडघाभर पाण्यात उतरलीस, पण वाकून चाचपलं नाहीस. नुसती उभी राहिलीस. आबा म्हणाले, पोहणारी चार पोरं बोलावतो, घटकाभरात काढतील.

"नगं," तू म्हणालीस. "पोटचा हुता, त्यो ऱ्हायला न्हाई. त्येची चांदी किती दिस धरून बसू? जाऊ द्या त्येला."

त्या संध्याकाळी तू आमच्याबरोबर जेवलीस. मग मला गुडघ्यांत धरून फणीनं केस विंचरलेस, झिंज्या ओढल्यास, उवा मारता मारता शिव्या घातल्यास. इतकं सुख मला पुढं कधी लागलं नाही. टाक नेफ्यात टोचत होता. सोनारानं निरोप धाडला, दुसरा ठोकून देतो. तू नको म्हणालीस. मग मी तो परत कसा देणार होते? दिला असता तर तू पुन्हा त्याची झाली असतीस.

तू सोडून मोकळी झालीस आणि मी अडकले. लग्न होऊन सांगलीला आले ती तो चोळीत गुंडाळूनच. दर नवरात्राआधी कुणाला नकळत चिंच लावून घासते. तू सांगायचीस, राखेनं पूस, चिंचेनं देवाचं नाकडोळं जात्यात. मी ऐकलं नाही. झिजलेला टाक घरात ठेवू नये, नदीत सोडावा, हेही तूच शिकवलंस. नदी इथंही तीच आहे, घाट हाकेवर आहे. दरवर्षी जाते, पायरीवर बसते, आणि परत घेऊन येते. तुला एका दुपारी जमलं ते मला उभ्या जन्मात जमलं नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही. टाक यातच गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवीन. एवढंच सांगते, आई, आज तो उजेडात धरून पाहिला. घोडा गेला, तलवार गेली, कपाळावरचं टिंब बोटालाही लागत नाही. आणि दादाची खोक डाव्या अंगाला होती की उजव्या, ते मला आता आठवत नाही.