एकदाच विचारणारी माणसं

मंगळवार, ४ मार्च. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं

बरोबर याच वेळेला डर्व्हलाचा फोन आला. कंपनीने बॅलिनारातला संशोधन विभाग बंद केला!

कारखाना राहणार. हृदयात घालायच्या नळ्या इथेच बनणार, पण पुढची नळी कशी असावी हे मात्र तिकडे अमेरिकेत, मिनेसोटात ठरणार. हात आमचे, डोकं त्यांचं. डर्व्हलाला म्हणे— तिकडे ये, नाहीतर इथे पॅकिंगवर देखरेख कर. माझ्या भावाच्या मुलीला! रक्तवाहिनीच्या अरुंद वळणावर आपोआप झुकणारं नळीचं टोक हिने शोधून काढलं, याच इमारतीत बसून.

दुपारी रेडिओवर मंत्रिमहाशय— "नव्या शोधांच्या शर्यतीत आपला चिमुकला देश आघाडीवर!" मी तव्याजवळ होते. चाळीस दिवसांच्या उपासाआधीचे शेवटचे पॅनकेक, तेही करपले.

बुधवार, ५ मार्च

फादरनी कपाळावर लावलेली राख घेऊन देवळातून थेट कंपनीच्या गेटवर. मॅलकी पहारेकरी अजून तोच.

"डिम्फनाबाई! निवृत्त होऊनही तपासणी सुटत नाही? आज कुणाचा माल नापास?"

"तुझ्या साहेबाचा," म्हटलं.

साहेब म्हणजे हॉलक्विस्ट. तीन वर्षं झाली मिनेसोटाहून इथे येऊन. मला पाहताच म्हणाला, "डिम्फना, तुमच्या कपाळाला काहीतरी लागलंय," आणि कागदी रुमाल पुढे केला. राखेच्या बुधवारी, उपासाच्या पहिल्याच दिवशी! मग, "चहा घेणार?"

"छे छे, उगाच कशाला त्रास."

"बरं," म्हणाला आणि बसला. बसला! मागे किटली उकळत होती. कोरड्या घशाने भांडले मी.

"आमच्या डर्व्हलाला एका शब्दाने तरी विचारलंत?"

"विचारलं ना. जानेवारीत. विभाग तू सांभाळ म्हणजे तो इथेच ठेवता येईल, असं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली— मी कसली, माझ्याहून चांगली माणसं आहेत. मी तिच्या मताचा मान राखला."

मान राखला म्हणे.

गुरुवार, ६ मार्च

डर्व्हलाला धरलं.

"मग काय पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं, आत्या? टपूनच बसली होती, असं म्हणाले असते सगळे!"

"पुढे?"

"वाटलं, परत विचारेल. त्याच्या खोलीवरून मुद्दाम हळू हळू जायचे. एकदा तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली."

हसावं की हिला दोन ठेवून द्याव्यात! पण चुकलं कुठे पोरीचं? आमच्या कॉन्व्हेंटात पहिल्यांदा पुढे आलेल्या केकला हात लावणाऱ्या मुलीकडे सिस्टर अलॉयशिअस अशी बघायची की घास अडकावा. या गावात फादरनासुद्धा केकचा दुसरा तुकडा तीनदा आग्रह करून वाढावा लागतो. तीन वर्षांत या माणसाला कुणी जेवायला बोलावलं नाही की काय? बोलावलं असेल. "नको" म्हणाला असेल आणि खरंच गेला नसेल!

सोमवार, १० मार्च

पुन्हा गेले. "तिला परत विचारा," म्हटलं.

इथे पहिलं "नको" खरं नसतं, हे समजावून सांगितल्यावर कानापर्यंत लाल झाला. माणूस दुष्ट नाही, हेच तर संतापजनक. दुष्टाला शिव्या तरी देता येतात.

"आता उशीर झाला. तिकडे ठरलंसुद्धा. पण मला हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत म्हणून."

उठून किटलीपाशी गेला. मग, "चहा?"

"नको."

माझ्याकडे बघत राहिला. "नक्की नको?"

"आता तुमचा आग्रहच असेल तर…"

शिकला! गावाचं डोकं कापून नेल्यावर शिकला. चहा पांचट होता.

बुधवार, १२ मार्च

डर्व्हलाने माळ्यावरून मोठी बॅग उतरवली. भाऊ जेवला नाही.

शुक्रवार, १४ मार्च

जात नाही! डर्व्हला जात नाही!

ती आणि विभागातले आणखी दोघं, तिघांनीही राजीनामे दिले. ट्यूमच्या रस्त्यावरची बंद पडलेली दूधडेअरी स्वतःचं काम सुरू करायला भाड्याने घेतलीय. "त्या टोकावर कंपनीचा हक्क आहे, आत्या. पुढच्यावर नाही. ते अजून माझ्या डोक्यात आहे."

मग दारातच उभी राहून म्हणाली, "तपासणी तू बघशील? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

मी म्हटलं, "अगं छे, मी म्हातारी. मला कशाला घेतेस?"

आत जाऊन किटली ठेवली. कप काढले. चांगले, सोनेरी काठाचे.

शनिवार, १५ मार्च

काल कप घेऊन बाहेर आले तर दारात कुणी नव्हतं. गाडी वळणापर्यंत पोचलीसुद्धा होती. "बरं" म्हणून गेली असणार. अमेरिकन झाली कार्टी!

हे पान फाडून तिच्या दाराच्या फटीतून आत टाकणार आहे—

डर्व्हला, पुन्हा विचार. लेखी. उद्या देवळातल्या अकराच्या मिस्साच्या आत.

तुझी आत्या

ता.क. त्यावर मी नाही म्हटलं, तर तिसऱ्यांदा विचार.